ख्रिस्ती माणसाने निर्दोषच असलं पाहिजे का?

मिरजेची_सिस्टर (धागाकर्ती)

या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिलेलं फार कमी सापडतं, म्हणून धागा काढते आहे. धर्मांतराचा वाद इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

आम्हा ख्रिस्ती लोकांना हा प्रश्न दोन्हीकडून ऐकावा लागतो. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकावर आवाज चढला की लगेच, "सिस्टर, तुम्ही ख्रिश्चन ना? मग चिडता कशा?" आणि मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या) एखाद्या वजनदार माणसाचं काही बाहेर आलं की आमचेच लोक म्हणतात, "आपण सगळेच पापी. पहिला दगड कोण मारणार?" एकीकडे साधं चिडायचीही मुभा नाही, दुसरीकडे कशाचाच जाब नाही.

माझं मत आधीच सांगते. ख्रिस्ती माणूस निर्दोष असेल ही अपेक्षा आमच्या शास्त्रातच बसत नाही. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली तिच्यात रोजच्या भाकरीच्या लगेच पुढे ऋणांची क्षमा मागितली आहे. भाकरी रोज लागते तशी क्षमाही रोज लागणार, हे धरूनच ती शिकवली. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:८) तर "माझ्यात पाप नाही" म्हणणारा स्वतःलाच फसवतो असं स्पष्ट म्हटलं आहे.

पण त्याच येशूने वेदीपाशी अर्पण घेऊन आलेल्या माणसाला सांगितलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर (मत्तय ५:२३-२४). माझ्याकडून कुणी अपेक्षा करावी तर ती ही. चुकले तर नेमकं काय चुकलं ते कबूल करावं, ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जावं, भरून देता येण्यासारखं असेल ते भरून द्यावं. यात मला सूट नको. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला तर मुळीच नको.

आणि त्या दगडाच्या गोष्टीबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात ती बाई एकटी आहे, व्यभिचाराच्या आरोपावरून दगडांनी मारायला धरून आणलेली. तिच्याबरोबरचा पुरुष कुठेच दिसत नाही. तिला ओढून आणणारे सगळे समाजातले प्रतिष्ठित. "तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा" असं त्यांना म्हणणारा येशू कुणाच्या बाजूने उभा राहिला ते उघड आहे, आणि "यापुढे पाप करू नकोस" हेही त्याने तिला सांगितलं. आता ते पहिल्या दगडाचं वाक्य व्यासपीठावरच्या माणसाला वाचवायला वापरतात, आणि तक्रार घेऊन आलेली बाईच दगड मारणारी ठरते. मला याचा मनापासून राग येतो.

सगळ्यांनी लिहा, ख्रिस्ती नसलेल्यांनीही.

सिद्धेश्वर_पेठ

ताई, मी हिंदू घरातला. चांगल्या हेतूने विचारतो. आमच्या गल्लीत प्रार्थनासभा भरते, तिथल्या साक्षी मी ऐकल्या आहेत. दारू सुटली, बायकोला मारणं थांबलं, प्रभूने मला नवा माणूस केलं. हे तुम्हीच माइकवरून सांगता. मग शेजाऱ्यांनी त्याच मापाने मोजलं तर त्यांचं काय चुकलं? बोले तैसा चाले ही आपल्याकडची जुनी कसोटी आहे. बदल होतो म्हणून सांगायचं, आणि बदल दिसला नाही की "आम्ही पापीच" म्हणायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

मिरजेची_सिस्टर

नाही चालणार. याकोबाच्या पत्रात (२:१७) क्रियांवाचून विश्वास निर्जीव म्हटला आहे, तेव्हा तुमची मागणी आमच्याच शास्त्रातली आहे. फक्त मोजताना तो माणूस काल कुठे होता तेही बघा, एवढंच म्हणणं. दारू सुटलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा घसरला तर त्याची साक्ष खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण तो बायकोला मारत असताना साक्ष देत असेल, तर त्याच्या हातातून माइक काढून घेणं हे मंडळीचं काम आहे.

इतिहासवेडा

हा वाद सतराशे वर्षांपूर्वी एकदा पुरता लढला गेला आहे, तोही उत्तर आफ्रिकेत. थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यातून बरंच कळतं.

इ.स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. शास्त्राच्या प्रती सरकारजमा करा असा हुकूम होता. काही बिशपांनी आणि पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) जीव वाचवायला त्या देऊन टाकल्या. काहींनी दिल्या नाहीत आणि ते मारले गेले. छळ थांबल्यावर प्रश्न उभा राहिला की ज्यांनी ग्रंथ दिले त्यांना पुन्हा त्यांच्या जागेवर घ्यायचं का? त्यांच्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा मानायचा का? कार्थेजला सेसिलियन नावाचा बिशप नेमला गेला, तेव्हा त्याला दीक्षा देणाऱ्यांमधल्या एकाने ग्रंथ दिले होते असा आरोप झाला. विरोधकांनी आपला वेगळा बिशप केला. पुढे डोनाटस त्यांचा पुढारी झाला आणि त्याच्या नावावरून त्यांना डोनाटिस्ट म्हणू लागले. त्यांचं म्हणणं, चर्च शुद्ध लोकांचंच असलं पाहिजे आणि अशुद्ध हाताने दिलेला संस्कार संस्कारच नव्हे. ३१४ मध्ये आर्लच्या परिषदेने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. तरी शंभर वर्षं उत्तर आफ्रिकेत गावोगावी दोन-दोन बिशप आणि दोन-दोन चर्च राहिली.

त्यांना खरं उत्तर दिलं ते हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने. (हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा.) बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्या माणसाचा नाही, हा त्याचा मुद्दा. गहू आणि निदण (तण) यांचा येशूचा दाखला त्याने पुढे केला. शेतात दोन्ही वाढणार, निवड कापणीच्या वेळी, आणि ती करणारे आपण नव्हे. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर बसले आणि निकाल डोनाटिस्टांच्या विरुद्ध लागला.

मला स्वतःला ऑगस्टीन पटतो. पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. डोनाटिस्ट ढोंगी नव्हते. ज्यांच्या घरची माणसं ग्रंथ न दिल्यामुळे मेली होती, त्यांनी देऊन टाकणाऱ्याच्या हातून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा संस्कार) कसं घ्यावं? त्या वेदनेला ऑगस्टीनकडे पुरेसं उत्तर आहे असं मला वाटत नाही. आणि याच ऑगस्टीनने पुढे डोनाटिस्टांना वळवण्यासाठी सरकारी बळजबरीचं समर्थन केलं. निदण उपटू नका म्हणणाऱ्यानेच शिपाई पाठवायला मान्यता दिली. त्याचे वाईट परिणाम युरोपने पुढे कित्येक शतकं भोगले.

निवृत्त_पाळक

सर्वांस सलाम. इतिहासवेडा यांनी फार चांगलं लिहिलं. मी एक भर घालतो.

संस्कार खरा राहतो याचा अर्थ पाळक जागेवर राहतो असा नाही. या दोन गोष्टी आमच्या लोकांनी एकत्र करून टाकल्या आहेत. पवित्र शास्त्र सर्वांना एका पट्टीने मोजत नाहीच. याकोब ३:१ म्हणतो की पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीच्या अध्यक्षाची पात्रता दिली आहे. तिथे सातव्या वचनात अट आहे की बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं असावं. म्हणजे सिद्धेश्वर पेठेतले शेजारी काय म्हणतात हे विचारात घ्यावं असं प्रेषितच सांगतो. आणि येशूचा पट्टशिष्य पेत्र अंत्युखियात यहूदी मंडळींच्या भीतीने विदेशी (म्हणजे यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला (गलती २). पेत्रासारख्याला! चार भिंतींच्या आत मिटवा, साक्ष बिघडेल, असं पौल म्हणाला नाही.

सामान्य विश्वासणाऱ्याशी सौम्यपणे वागावं, पुढाऱ्याशी कडक. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. पळून जाऊन लग्न केलेल्या पोरीला प्रभुभोजनापासून दूर ठेवतात आणि ट्रस्टच्या जमिनीचे कागद फिरवणाऱ्याला पहिल्या बाकावर बसवतात. चाळीस वर्षं मी हे पाहिलं आणि बोललो तेव्हा माझी बदली झाली. आज निवृत्त आहे म्हणून नव्हे, तेव्हाही मी हेच म्हणत होतो.

कॅन्टोन्मेंट_पुणे

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. निर्दोषपणाची अपेक्षाच नको, हे सगळ्यांनी इतक्या सहज मान्य केलं याने मी अस्वस्थ झालो.

आमचं घर मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचं. त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १८व्या शतकात ठामपणे शिकवलं की माणूस याच आयुष्यात प्रेमात परिपूर्ण होऊ शकतो. त्याचा अर्थ त्याने नीट बांधून दिला होता. अज्ञान, चुकीचा अंदाज, थकवा, विसरभोळेपणा यातून सुटका नाही. पण जाणूनबुजून देवाविरुद्ध आणि शेजाऱ्याविरुद्ध जाणं सुटू शकतं. मेथडिस्ट परंपरेत दीक्षा घेणाऱ्या पाळकाला आजही त्याचेच प्रश्न विचारतात. तुम्ही परिपूर्णतेकडे वाटचाल करत आहात का? याच जन्मी प्रेमात परिपूर्ण व्हाल अशी तुमची अपेक्षा आहे का? उत्तर "होय" असंच द्यायचं असतं.

तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा, हे मत्तय ५:४८ कुणी गाळू नये. त्याच्या आधीची वचनं वाचली तर आज्ञा कशाची आहे तेही कळतं. शत्रूंवर प्रीती करा, कारण देव आपला सूर्य दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो. म्हणजे आपल्या माणसांपुरतं अर्धं प्रेम नको, पूर्ण हवं. ही आज्ञा भारी आहे म्हणून ती खाली आणायची नाही. खाली आणली की मग जे आहे तेच चालवून घेतलं जातं. माझ्या आजोबांना सख्ख्या भावाने शेतीत फसवलं. त्याच भावाच्या आजारपणात आजोबा रोज डबा घेऊन जायचे. ते स्वतःला परिपूर्ण म्हणाले नसते, पण त्यांची नजर तिकडे होती.

मिरजेची_सिस्टर

पुणेकर दादा, तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरी एक फरक करावासा वाटतो. तुमच्या आजोबांनी, मी, तुम्ही स्वतःकडून पूर्णतेची अपेक्षा धरावी. ती दुसऱ्याने आपल्यावर लादली की माणूस लपवायला शिकतो. ख्रिस्ती घरांत मुलं व्यसन, नैराश्य, मोडलेलं लग्न लपवतात ती याच भीतीने. "ख्रिस्ती कुटुंब म्हणून लोक काय म्हणतील." नर्स म्हणून हे मी फार जवळून बघते. वेळेवर बोलली असती तर वाचली असती अशा मुली मला माहीत आहेत.

वसई_भुईगाव

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे पापनिवेदनाचा संस्कार आहे, वर्षातून निदान एकदा तरी तो घ्यावाच असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासून आहे. पोप स्वतःही गुडघे टेकून पापनिवेदन करतात. तेव्हा कॅथलिक माणूस निर्दोष असतो असं चर्चच मानत नाही.

पण लोकांना वाटतं की फादरांच्या कानात सांगितलं, तीन नमो मारिया म्हटले, की हिशेब संपला. धर्मशिक्षण तसं नाही. पश्चात्ताप खरा हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि चोरी केली असेल तर माल परत करणंही त्यात येतं. जक्कयाचं उदाहरण मला म्हणून आवडतं. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला आणि त्याने उभं राहून जाहीर केलं की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. "मला क्षमा मिळाली, आता जुनं काढू नका" असं तो म्हणाला नाही. आमच्या पट्ट्यात भावाभावांत वाडीच्या हद्दीवरून कोर्टकज्जे चालू असतात आणि दोघेही रविवारी मिस्साला असतात. तिथे जक्कय आठवला पाहिजे.

टोरंटोकर

मी या धाग्याकडे एका वेगळ्या दुखण्यातून आलो. रवी झकारायस यांची व्याख्यानं ऐकत मी वाढलो. चेन्नईत जन्मलेला आपल्यातला माणूस, विसाव्या वर्षी कॅनडाला आला, आणि विद्यापीठांमधून ख्रिस्ती विश्वासाच्या बाजूने असा बोलायचा की समोरचा नास्तिकही शांतपणे ऐकायचा. इथल्या आमच्या भारतीय मंडळीला त्यांचा फार अभिमान होता.

२०१७ मध्ये कॅनडातल्या एका बाईने आरोप केले. त्यांनी उलट तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावरच दावा लावला. प्रकरण गुप्ततेच्या करारावर मिटलं आणि संस्था त्यांच्या बाजूने उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले, जगभर श्रद्धांजल्या वाहिल्या गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या फर्मचा चौकशी अहवाल आला. मसाज करणाऱ्या स्त्रियांशी वर्षानुवर्षं लैंगिक गैरवर्तन झाल्याचं त्यात समोर आलं. संस्थेच्या मंडळाने त्या आधीच्या बाईचीही माफी मागितली.

फ्रान्समध्ये मतिमंद लोकांसाठी १९६४ साली लार्श ही संस्था उभी करणारे झाँ व्हानिए यांचंही तसंच झालं. २०१९ मध्ये ते गेले तेव्हा लोक त्यांना संत म्हणत होते. २०२० मध्ये लार्शने स्वतःच चौकशी अहवाल जाहीर केला, २०२३ मध्ये आणखी मोठा. किमान २५ स्त्रियांचं शोषण झाल्याचं त्यात आहे.

हे सांगितलं की मंडळीतले लोक म्हणतात, दावीद राजाही पडला होता. अहो, दाविदाकडे नाथान संदेष्टा थेट राजवाड्यात गेला आणि "तो मनुष्य तूच" म्हणाला, आणि दाविदाने उरियाची बायको घेऊन त्याला मारवल्याची गोष्ट शास्त्रात नावानिशी लिहून ठेवली. झकारायस यांच्याभोवती नाथान नव्हता. त्यांच्याभोवती वकील होते. मला त्या माणसाच्या पापापेक्षा त्या भिंतीचं जास्त दुःख होतं, कारण ती बांधायला आमच्यासारख्या चाहत्यांच्या देणग्या लागल्या.

सिद्धेश्वर_पेठ

हे वाचून सुन्न झालो. लार्शने स्वतःहून अहवाल जाहीर केला, हे मला महत्त्वाचं वाटलं.

नगरचा_दादा

वैयक्तिक पापांवर बरंच झालं. सगळ्या समाजाच्या पापावर कुणी बोलत नाही, ते मी बोलतो.

आमचे पणजोबा महार समाजातून ख्रिस्ती झाले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. या मिशनांमुळे आमच्या घरात पाटी-पेन्सिल आली, ते ऋण मी विसरणार नाही. पण चर्चमध्ये आलेल्यांनी जात बाहेर ठेवली का? सोयरीक जमवताना आजही "मूळचे कोण" हे विचारलं जातं, ख्रिस्ती घरांतच. भारताच्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये भेदभाव आणि अस्पृश्यता आहे हे लेखी मान्य केलं. चिडण्यावरून आम्हाला कुणी टोकलं तर ते मी हसून सोडून देतो. पण "तुमच्या प्रभूपुढे सगळे सारखे ना, मग ही जात कशी?" असं कुणी विचारलं तर तो माणूस बरोबर आहे. ही अपेक्षा त्याने करायलाच पाहिजे.

आणि निर्दोष दिसण्याच्या हट्टावर एक. रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या नगरचे, म्हणजे नगरला राहिलेले. आमच्या उपासनेत त्यांची भजनं रोज. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव, हट्ट, घरात पैसा न टिकणं, सगळं जसंच्या तसं मांडलं. कवी म्हणून, भक्त म्हणून त्यांच्यावर जीव, आणि नवरा म्हणून त्यांचा त्रासही खरा. त्या पुस्तकाने टिळक लहान झाले नाहीत. आमच्या मंडळ्यांच्या स्मरणिका काढून बघा, एकाही पाळकाला कधी रागसुद्धा आलेला नाही. लक्ष्मीबाईंसारखं लिहिणारं माणूस आम्हाला प्रत्येक पिढीत हवं होतं.

मांडवी_काठ

दादा, गोव्यातून तुम्हाला पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन (धर्मद्रोहाचे आरोप चालवून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) होतं. माझे हिंदू मित्र विचारतात तेव्हा मी "ते पोर्तुगीज होते, आम्ही नव्हे" असं म्हणत नाही. १२ मार्च २००० ला पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली, सत्याच्या नावाखाली वापरलेल्या बळजबरीबद्दलही. कुमसार (पापनिवेदन) एकट्या माणसाने करायचा तसा संस्थेनेही करता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. गोव्याचं नाव घेऊन तसं व्हावं अशी माझी इच्छा आहे.

मिरजेची_सिस्टर

सगळ्यांचे आभार. आता कामाचं विचारते. "पुढाऱ्याला जाब विचारा" हे मंडळीत करायचं कसं? आमच्याकडे वडिलांची सभा (मंडळीतल्या वडीलधाऱ्यांची समिती) आहे, तिचे अध्यक्ष पाळकच. पाळकाविरुद्ध तक्रार पाळकाकडेच जाते. "प्रार्थना करू, क्षमा करू" इथे विषय संपतो.

निवृत्त_पाळक

क्षमा आणि कायदा यांची गल्लत होऊ देऊ नका. लैंगिक अत्याचार झालेलं मूल अठरा वर्षांखालचं असेल तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ नुसार ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग तो पाळक असो, संडे स्कूलची बाई असो. न कळवणं हाच गुन्हा. क्षमा करायची की नाही हे त्या मुलाने मोठं झाल्यावर ठरवावं, सभेने त्याच्या वतीने देऊ नये.

बायकांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर संस्थेत अंतर्गत समिती हवी. मानधन न घेता काम करणारेही त्यात मोजले जातात, म्हणजे गायनमंडळाला शिकवणारी बाईसुद्धा.

मिरजेची_सिस्टर

आमच्याकडे पाळक, वॉचमन आणि सफाईवाल्या मावशी, तिघंच. मग?

निवृत्त_पाळक

मग जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, कारण योग्य असेल तर आणखी तीन वाढवून मिळतात. सिस्टर, तो पत्ता आणि मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर चर्चच्या फलकावर लावायचा ठराव वार्षिक सभेत मांडा. पाळकसाहेबांना आधी भेटून सांगा, मग मांडा. विरोध झाला तर विरोध करणाऱ्यांची नावं कार्यवृत्तात लिहून घ्या.

मिरजेची_सिस्टर

मांडते. अनुमोदन द्यायला दोन जणी तयार आहेत, सफाईवाल्या मावशींनाही विचारते, त्याही सभासद आहेत.